चोचीत की पिसांत? प्राण्यांचं उपजत वागणं आणि शिकलेलं वागणं

लव्हबर्ड या छोट्या पोपटांच्या अनेक जातींपैकी दोन घेऊ. दोन्हींतली मादी घरट्यासाठी सालीच्या, पानाच्या किंवा कागदाच्या कडेवर चोचीने कडकड चावे घेत जाते आणि एक सरळ, लांब पट्टी कापून काढते. इथवर दोघींचं काम सारखंच. फरक पडतो तो पट्टी घरट्यापर्यंत नेताना. फिशरचा लव्हबर्ड ही जात एक पट्टी चोचीत धरते आणि उडते. गुलाबी चेहऱ्याची दुसरी जात मान पूर्ण मागे वळवते, पट्टी कमरेवरच्या पिसांत खोचते आणि अशा दोन-चार पट्ट्या झाल्या की एकदम घेऊन निघते.

विल्यम डिल्गर या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने या दोन जातींचा संकर केला आणि त्या पिल्लांचं काय होतं ते वर्षानुवर्षं पाहिलं. १९६२ साली त्याने ही निरीक्षणं मांडली. संकरित मादीने पहिल्या खेपेला पट्टी व्यवस्थित कापली, मान मागे वळवली, पट्टी पिसांत खोचली, पण चोच सैल सोडलीच नाही. मान पुढे आली तशी पट्टीही बाहेर आली. पुन्हा तेच. कधी पट्टी टोकाला धरायची ती मधोमध धरली, म्हणून आत जाईना. कधी भलत्याच जागी खोचली. कधी नीट खोचली गेली, पण उडताच गळून पडली. एका पालकाकडून 'चोचीत धर' आणि दुसऱ्याकडून 'पिसांत खोच' असे दोन वारसे आले होते आणि बिचारीच्या अंगात दोन्ही एकाच वेळी जागे होत होते.

जी पट्टी चोचीत राहायची, तेवढीच घरट्यापर्यंत पोचायची. हळूहळू हे तिच्या अंगवळणी पडलं. खोचण्याचे प्रयत्न कमी झाले आणि चोचीतून नेणं वाढलं. यात दोन-तीन वर्षं गेली. आणि तीन वर्षांनंतरही, पट्टी चोचीत धरून उडायच्या आधी, ती मान किंचित मागे वळवायचीच.

ती किंचित वळणारी मान मला या सगळ्या विषयाचं सार वाटते. आपण सहसा विचारतो, प्राणी वागतात ते उपजत ज्ञानाने की शिकून? आणि मग प्रत्येक वागणं उचलून या नाहीतर त्या डब्यात टाकत जातो. पण त्या मादीची मान कोणत्या डब्यात टाकायची? चोचीत पट्टी धरणं ती शिकली, पण जे शिकली तेही वारशाने मिळालेल्या दोन हालचालींपैकीच एक होतं. आणि दुसरी पुसली गेली नाही, फक्त मागे सरली.

तरी आधी उपजत वागणं नीट पाहायला हवं, कारण त्याची ताकद आपल्याला सहज पटत नाही.

युरोपातला कुक्कू पक्षी दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात अंडं घालून निघून जातो. पिल्लू बाहेर येतं तेव्हा डोळे मिटलेले असतात, अंगावर एकही पीस नसतं. एक-दोन दिवसांत ते पाठीवरच्या खोलगट भागावर घरमालकाचं अंडं तोलून धरतं, पाय रोवून मागे मागे सरकत घरट्याच्या कडेपर्यंत जातं आणि अंडं बाहेर लोटतं. मग दुसरं, मग तिसरं. हे वर्णन १७८८ साली एडवर्ड जेन्नर याने प्रसिद्ध केलं, तोच जेन्नर ज्याने पुढे देवीची लस दिली. इतकं कोवळं पिल्लू असं काही करेल यावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. पण या पिल्लाला कोणी शिकवणार तरी कोण? आईबाप त्याला कधी भेटतच नाहीत. पुढे ते एकटंच आफ्रिकेची वाटही धरतं.

दुसरं उदाहरण रानहंसीचं. अंडी उबवताना एखादं अंडं घरट्याबाहेर घरंगळलं तर ती मान लांबवते, चोचीचा खालचा भाग अंड्यापलीकडे टेकवते आणि अंडं छातीकडे ओढत आणते. अंडं वाकडंतिकडं घरंगळू नये म्हणून चोच डावी-उजवी हलवत राहते. कॉनराड लॉरेंझ आणि निको टिनबर्गेन यांनी १९३८ मध्ये यावर लिहिलं. ओढणं सुरू झाल्यावर त्यांनी मधूनच अंडं काढून घेतलं. हंसी थांबली नाही. नसलेलं अंडं तिने मान आत घेत घेत घरट्यापर्यंत 'आणलं'. फक्त डावी-उजवीकडची हालचाल तेवढी बंद पडली, कारण ती चोचीला लागणाऱ्या अंड्याच्या स्पर्शावर चालते. बाहेरची एक खूण दिसली की आतली एक ठरलेली हालचाल सुरू होते आणि शेवटापर्यंत जाते, हा उपजत वर्तनाचा सर्वांत स्पष्ट नमुना. प्राण्यांच्या वर्तनावरच्या अशा कामासाठी लॉरेंझ, टिनबर्गेन आणि मधमाश्यांचा नाच उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं.

ही व्यवस्था खुणेवर चालते, म्हणून खूण बदलली की ती घात करते. समुद्री कासवाचं पिल्लू रात्री वाळूतून वर येतं आणि जिकडे क्षितिज उजळ आणि खाली दिसतं तिकडे धावतं. लाखो वर्षं ती दिशा समुद्राचीच होती, कारण तारे आणि चांदणं पाण्यावर पडतं आणि जमिनीकडची बाजू काळोखी असते. आता किनाऱ्यावर दिवे आले. पिल्लू तितक्याच निष्ठेने दिव्यांकडे धावतं आणि मरतं. त्याच्या वागण्यात काहीच चूक नाही. खुणेचा अर्थ आपण बदलला.

'उपजत' म्हणजे वागणुकीचं चित्र जनुकांत काढून ठेवलेलं असतं, असं मात्र नाही. जनुकं प्रथिनं घडवतात. त्यांतून वाढीच्या ओघात चेतापेशी, त्यांच्या जोडण्या, स्नायू, संप्रेरकं तयार होतात. या जोडण्या अशा बसतात की विशिष्ट खूण दिसताच विशिष्ट हालचाल व्हावी. ज्या पूर्वजांत त्या कामाला आल्या त्यांची पिल्लं जगली. जनुकांकडे आहे ती पाककृती. पदार्थ शिजतो तो वाढत्या शरीरात, आणि शिजताना भोवतालचंही त्यात काही पडतं.

ते 'काही' किती सूक्ष्म असतं हे बदकांनी दाखवलं. उबवणयंत्रातून निघालेलं, आईला कधीच न भेटलेलं बदकाचं पिल्लू आपल्या जातीच्या आईची साद ओळखतं आणि तिच्याकडेच जातं. हे तर शंभर टक्के उपजत, असंच कोणीही म्हणेल. गिल्बर्ट गॉटलिब यांनी एक शंका काढली. बदकाचं पिल्लू फुटायच्या आधी अंड्यातच किलबिलतं. ते स्वतःला ऐकत असेल का? त्यांनी काही पिल्लांचा आवाज अंड्यात असतानाच तात्पुरता बंद केला आणि त्यांना एकेकटं ठेवलं. अशा पिल्लांपुढे बदकीची साद आणि कोंबडीची साद एकत्र वाजवली, तर त्यांना फरक करता येईना. अंड्यात असताना बदकाच्या पिल्लांच्या किलबिलीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, की ओळख पुन्हा शाबूत. म्हणजे जन्माआधीच, कवचाच्या आत, एक शिकवणी चालू असते आणि बाहेरून पाहणाऱ्या आपल्याला वाटतं की हे जन्मतःच येतं.

याच्या उलट गोष्टही खरी. जे शिकल्यासारखं दिसतं ते कधीकधी नुसतं पिकत असतं. पाकोळीची पिल्लं घरट्याच्या काठावर पंख फडफडवतात, त्यावरून ती उडण्याचा सराव करतात असं वाटतं. डग्लस स्पाल्डिंग याने १८७० च्या दशकात काही पिल्लं पंख पसरताच येणार नाहीत अशा छोट्या डब्यांत वाढवली. वेळ झाल्यावर सोडली, तर ती उडाली. स्नायू आणि चेता तयार व्हायचा अवकाश होता, धड्यांचा नव्हता.

मग शिकायचं कशाला? शिकणं महाग असतं. त्यात वेळ जातो, चुका होतात, आणि काही चुका पहिल्याच वेळी जीव घेतात. सापाचा हल्ला कसा चुकवायचा हे चार वेळा चुकून शिकता येत नाही. शिवाय शिकणारा मेंदू पोसायला अन्न फार लागतं. म्हणून जे पिढ्यानपिढ्या बदलत नाही आणि पहिल्या फटक्यात अचूक जमायला हवं, ते उपजत असलेलं परवडतं. पण अन्न यंदा कुठे आहे, माझं बीळ नेमकं कोणत्या दगडापाशी आहे, शेजारचा कोण आणि परका कोण, हे कोणतंही जनुक आधी सांगू शकत नाही.

म्हणून अगदी गांधीलमाशीसारख्या थोड्या आयुष्याच्या जिवालाही शिकावं लागतं. मधमाश्या पकडणारी एक गांधीलमाशी वाळूत बीळ करते. बीळ कसं खणायचं, मधमाशीला कुठे नांगी मारायची, हे ती कोणाकडून शिकत नाही. टिनबर्गेन यांनी ती बिळात असताना तोंडाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं. ती बाहेर आली, वर घिरट्या घालून तिने परिसर पाहून घेतला आणि गेली. ती नसताना त्यांनी कडं थोडं बाजूला सरकवलं. शिकार घेऊन परतलेली माशी थेट कड्याच्या मधोमध उतरली आणि तिथे नसलेलं बीळ शोधत राहिली. काही सेकंदांच्या घिरट्यांत तिने नकाशा पाठ केला होता. आणि जायच्या आधी घिरट्या घालून परिसर पाहायचा, ही 'शिकण्याची सवय' मात्र तिला कोणी लावलेली नव्हती.

मला या विषयात सर्वांत जास्त मोह पडतो तो इथे: काय शिकायचं, कधी शिकायचं आणि कोणाकडून, हेच बऱ्याचदा उपजत ठरलेलं असतं.

हे सर्वांत नीट दिसतं पक्ष्यांच्या गाण्यात. उत्तर अमेरिकेत डोक्यावर पांढरे पट्टे असलेली एक चिमणी आहे, व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो. पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात तिचा अभ्यास केला, तेव्हा एकाच उपसागराच्या आसपास वेगवेगळ्या ठिकाणचे नर वेगवेगळ्या ढंगात गातात हे त्यांना दिसलं. अक्षरशः बोलीच. बोली म्हटली की ती शिकलेली असणार. मार्लर यांनी पिल्लांना एकटं वाढवलं. काहीच न ऐकलेला नर मोठेपणी गातो, पण ते गाणं खुरटं, जातीची जेमतेम ओळख पटेल इतपत. दहा ते पन्नास दिवसांच्या वयात ध्वनिमुद्रण ऐकवलं तर तो तीच बोली गातो. पन्नास दिवसांनंतर तेच ध्वनिमुद्रण कितीही वाजवा, उपयोग शून्य. आणि योग्य वयात दुसऱ्या जातीचं गाणं ऐकवलं, तर तो ते घेतच नाही. अनेक गाण्यांतून आपलं कोणतं, एवढी निवड त्याच्याकडे आधीच असते.

यातली खरी आश्चर्याची गोष्ट मध्ये आहे. पिल्लू ऐकतं तेव्हा गात नाही. गाणं महिन्यांनी सुरू होतं, तेही आधी बोबडी कुजबुज, मग अडखळत तुकडे, मग पक्कं गाणं. या मधल्या काळात ते नुसत्या आठवणीशी स्वतःचा आवाज ताडून पाहत असतं. मासाकाझू कोनिशी यांनी १९६५ मध्ये हे सिद्ध केलं. गाणं ऐकून झालेल्या, पण अजून गाऊ न लागलेल्या पिल्लांचं ऐकणं बंद केलं, तर पुढे त्यांच्या गळ्यातून खरखर निघते. एकटं वाढलेल्या पिल्लाच्या गाण्याहूनही वाईट. पाठ केलेलं डोक्यात आहे, पण स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून सूर लागत नाही.

पन्नास दिवसांची सीमा दगडावरची रेघ होती का? नव्हती. लुइस बॅप्टिस्टा आणि लुइस पेट्रिनोविच यांनी ध्वनिमुद्रणाऐवजी शेजारच्या पिंजऱ्यात जिवंत गाणारा पक्षी ठेवला, तर पन्नास दिवसांनंतरही पिल्लं शिकली, आणि चक्क दुसऱ्या जातीचं गाणंसुद्धा. खिडकी होतीच, पण ती किती वेळ उघडी राहायची हे समोर कोण आहे यावरही ठरत होतं.

आता उंदरांकडे या. विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांची एक पक्की समजूत होती: कोणतीही खूण कोणत्याही परिणामाशी जोडता येते, फक्त दोन्ही लागोपाठ घडायला हवीत. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना खूण मिळाल्यावर अन्न येतं हे कळलं की नुसत्या खुणेनेही लाळ सुटायची, तसंच. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना पाणी दिलं. पाण्याला विशिष्ट चवही होती आणि पिताना दिवा लागून आवाजही व्हायचा. नंतर काही उंदरांना मळमळ आणली, काहींना विजेचा झटका दिला. मळमळ झालेल्या उंदरांनी पुढे ती चव टाळली, दिवा-आवाजाची मात्र पर्वा केली नाही. झटका बसलेल्यांनी दिवा-आवाज टाळला, चव चालवून घेतली. उलट जोडी जमता जमेना. शिवाय चव आणि मळमळ यांत तासाभराहून जास्त अंतर पडलं तरी उंदीर बरोबर चवीलाच दोष द्यायचा. हे त्या काळच्या सिद्धांतात बसत नव्हतं, म्हणून गार्सिया यांना निष्कर्ष छापून आणायलाही झगडावं लागलं. पण विचार केला तर किती साधं आहे! रानात पोट बिघडतं ते खाल्ल्यामुळे. उजेडामुळे कधी कोणाचं पोट बिघडत नाही. शिकायला बसलेल्या मेंदूला हे आधीच 'माहीत' आहे.

माकडांचंही तसंच. प्रयोगशाळेत जन्मलेली ऱ्हीसस माकडं सापाला घाबरत नाहीत, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. सुझन मिनेका आणि मायकल कुक यांनी त्यांना रानात वाढलेलं माकड सापाला पाहून घाबरताना दाखवलं, आणि ती लगेच घाबरू लागली. मग त्यांनी चित्रफितीत फेरफार केला: माकड तेच, भीती तीच, पण समोर सापाच्या जागी फुलं. ही फीत पाहणाऱ्या माकडांना फुलांची भीती बसली नाही. म्हणजे भीती उपजत नाही, पण सापाची भीती चटकन शिकण्याची तयारी उपजत आहे.

उपजताच्या विरुद्ध शिकवायला गेलं तर काय होतं हे केलर आणि मॅरियन ब्रेलँड या दांपत्याला रॅकून या अमेरिकेतल्या रानटी प्राण्याने शिकवलं. त्यांचा धंदाच प्राणी शिकवण्याचा होता. रॅकूनने नाणं उचलून डबीत टाकायचं आणि खाऊ मिळवायचा. एक नाणं होतं तोवर कसंबसं जमलं. दोन नाणी दिल्यावर तो ती एकमेकांवर घासत बसला, डबीत अर्धी बुडवून पुन्हा बाहेर काढू लागला. सराव वाढला तसा हा प्रकार वाढतच गेला, खाऊ हुकत असूनही. रॅकून रानात शिकार अशीच हाताळतो, घासतो, बुडवतो. नाणं खाऊशी जोडलं गेलं, आणि खाऊशी जोडलेल्या वस्तूशी जे करायचं ते हात आपोआप करू लागले. १९६१ मध्ये ब्रेलँड दांपत्याने अशा फसलेल्या शिकवण्या प्रामाणिकपणे मांडल्या, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

आणि एकाच प्राण्याच्या आयुष्यात दोन्ही कसे एकमेकांवर चढतात, ते स्टारलिंग पक्ष्यांच्या स्थलांतरात दिसतं. बाल्टिक परिसरातल्या स्टारलिंग हिवाळ्यात नैऋत्येला उत्तर फ्रान्स आणि दक्षिण इंग्लंडकडे जातात. पेर्डेक या डच शास्त्रज्ञाने वाटेत हेगजवळ अकरा हजारांहून जास्त पक्षी पकडून, ओळखीसाठी पायात कडी घालून, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. पहिलाच प्रवास करणारे तरुण पक्षी तीच दिशा, तेवढंच अंतर उडाले आणि पोचले दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये. आधी एकदा जाऊन आलेल्या मोठ्यांनी मात्र दिशा बदलली आणि वायव्येला वळून आपल्या ओळखीच्या मुक्कामाकडे गेले. तरुणांकडे होता तो वारशातला हुकूम: अमुक दिशेला, अमुक इतकं. मोठ्यांकडे एका प्रवासाने त्यावर ठिकाणाची ओळख चढवली होती.

शिकवणं तरी पूर्णपणे समजून केलेलं असतं का? आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले मीरकॅट, म्हणजे मुंगसाचे भाऊबंद, पिल्लांना विंचू देतात. लहानग्यांना मेलेला, जरा मोठ्यांना नांगी तोडलेला, आणि थोराड पिल्लांना धडधाकट जिवंत. ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकॉलिफ यांनी लहान पिल्लांच्या गटाजवळ थोराड पिल्लांच्या हाकांचं ध्वनिमुद्रण वाजवलं. मोठे मीरकॅट त्या चिमुकल्यांना जिवंत विंचू आणून देऊ लागले. पिल्लाला काय येतं हे ते जोखत नव्हते. आवाज ऐकून त्या वयाचा धडा देत होते. धडा शिकलेला, गुरुजी उपजत.

या सगळ्याची निकड आज कुठे भासते, तर एखादी जात विरळ होते तिथे. ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर हा काळ्या-पिवळ्या खवल्याखवल्यांच्या नक्षीचा मध खाणारा पक्षी आता काही शेच उरला आहे. त्याचे तरुण नर मोठ्या नरांना ऐकून गायला शिकतात. पण जंगलं तुटली, पक्षी दूरदूर विखुरले, आणि ऐकायला स्वतःच्या जातीचा म्हातारा नर जवळपास सापडेना. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की काही नर चक्क दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांची गाणी गात आहेत. कान आहेत, शिकण्याचं वय आहे, गळा आहे, फक्त गाणारा उरलेला नाही. भलतंच गाणाऱ्या नरांना मादीही कमीच दाद देतात. म्हणून तिथे पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना, रानात सोडण्याआधी, त्यांच्या जातीचं गाणं ऐकवलं जातं.